मी म्हणाले, पाणी मागताय

खोलीत तेव्हा आम्ही सात जणं होतो. पलंगावर हे, म्हणजे माझे मालक. उशाशी स्टुलावर मी. पायथ्याशी मुलगा, त्याच्या बाजूला सूनबाई. खिडकीपाशी लेक. ती फैजपूरहून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली आणि तशीच दवाखान्यात आली, हातावरची मेंदी अजून लाल होती. एक नर्सबाई सलाईनची नळी धरून उभी. आणि दारात डॉक्टर. एवढेच. आणखी कोणी तिथं होतं असं कोणी सांगितलं तर खोटं समजा.

सातांपैकी मालकांचं बोलणं मला एकटीला कळत होतं. त्या दिवशी ते बोलले, मला कळलं, आणि मी सगळ्यांना दुसरंच सांगितलं. हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोलले नाही. मी चौथी शिकलेली, अक्षर वाकडं येतं, म्हणून सांगते आहे आणि नात लिहिते आहे. ती मधेच पेन थांबवून माझ्याकडं बघते. मी म्हणते, लिही गं, थांबू नको.

त्यांचं बोलणं म्हणजे काय, ते आधी सांगावं लागेल.

आमचं गाव धुळ्याजवळ. लग्न झालं तेव्हा हे बोअरच्या गाडीवर होते. शेताशेतात जाऊन भोकं पाडायची, पाणी लागलं तर नारळ फोडायचा, नाही लागलं तर मान खाली घालून गाडी पुढं न्यायची. तिथं कोणीतरी सांगितलं की गुजरातेत अशीच भोकं पाडतात, पण पाण्यासाठी नाही, तेलासाठी. हे दुसऱ्या दिवशी मोटारीत बसले. घरात सांगून गेले एवढंच, विचारून नाही. माझा मुलगा तेलाच्या कामाला जातो, असं सासूबाई आमच्या अहिराणीत गावभर सांगायच्या, "मना आंडोर तेलना कामले जास." लोकांना वाटलं, घाणा घातला. पलीकडच्या गल्लीतली एक डोकरी, म्हातारी बाई, शेंगांचं गाठोडं आणि रिकामी बरणी घेऊन दारात आली. "भाऊ, चार शेर शेंगा शेत, काढी दे ना तेल."

हे म्हणाले, "माय, मना तेलमा भजी नई व्हतस."

"मंग कसानं तेल काढस रे तू?" म्हणत ती गाठोडं उचलून गेली.

तेलाच्या विहिरीवर लोखंडाचा मनोरा असतो, त्याला रिग म्हणतात. त्या मनोऱ्यावर नव्वद फुटांवर एक फळी. त्या फळीवर एक माणूस कमरेला पट्टा बांधून उभा राहतो आणि खालून येणारे लांब पाईप मिठीत धरून बाजूला लावतो. वारा असो, ऊन असो. तो माणूस म्हणजे आमचे हे. दुसरे घाबरायचे, हे मागून घ्यायचे. म्हणायचे, वरून गाव दिसतं. गुजरातेतून आमचं गाव दिसतं का? मी म्हणायचे, काहीतरीच. ते म्हणायचे, मला दिसतं.

चौदा दिवस काम, चौदा दिवस घर, अशी पद्धत. घरी आले की अंगाला विहिरीतल्या चिखलाचा वास, डिझेलचा वास, आणि पिशवीत भरूचच्या खाऱ्या शेंगा. चौदा दिवस मग ते माझे आणि पोरांचे. पाणी भरायचे, पोरांना न्हाऊ घालायचे, लेकीची वेणी घालायचे. वेणी अशी घट्ट घालायचे की पोरगी रडायची, तिचे डोळे ओढले जायचे. माझं लुगडं नदीवर नेऊन धुवायचे. गडी माणसं घाटावर हसायची. "काय रे भाऊ, बायकोनं लुगडं धुई राह्यना?"

"तू बी धुई देख. बायको हासस."

आता हातांचं. रिगवर मशीनचा आवाज असा असतो की कानाशी तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून सगळी माणसं हातांनी बोलतात. बोट वर करून फिरवलं की वर घ्या. तळहात खाली दाबला की हळू सोडा. मूठ वळून हात वर केला की थांब. आणि दोन्ही मनगटं एकावर एक ठेवून फुली केली की बंद. मशीन बंद, काम संपलं, माणसं घरी.

हे घरीही तसंच बोलायला लागले. आधी गमतीनं, मग कान गेले म्हणून. चाळिशीतच ऐकू कमी यायला लागलं. पोरं लहानपणी खेळ म्हणून शिकली, मोठी झाली तशी विसरली. मला मात्र पक्कं बसलं. भाकरी किती, दूध नासलं का, तुझी आई रुसली आहे, आज कोणी पाहुणे येताय, सगळं आम्ही अंगणाच्या या टोकावरून त्या टोकाला हातांनी बोलायचो. सासूबाई चिडायच्या. "तोंड शे ना देवनी दियेल!" चौदा दिवसांनी दारातून आत आले की पहिली ती फुली. पिशवी खांद्यावरून सोडायची आणि मनगटं जोडायची. म्हणजे बंद. घरी आलो.

एकदाच ती फुली केली नाही. आमचं पहिलं पोर, मुलगा, तीन महिन्यांचा होऊन गेला. तेव्हा हे आसामात, तिथल्या रिगवर होते. तार गेली, ते निघाले, आले तो नववा दिवस. मी ओसरीवर बसलेली. ते दारात उभे राहिले, पिशवी खांद्यावरच. हात खालीच. मग आत येऊन माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसले.  तिसऱ्या प्रहरी उठून ते पाणी भरायला गेले.

तर रिगवर एक नियम होता, तो त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितला होता. मूठ कोणीही दाखवू शकतो. साहेबच पाहिजे असं नाही, अगदी झाडू मारणारा माणूस, कालच आलेला माणूस, त्यानं मूठ वर केली की मशीन थांबलीच पाहिजे. का म्हणून विचारायचं नाही. आधी थांबायचं. मग बाकी. ते म्हणायचे, "हा नियम चांगला आहे. घरात पण पाहिजे."

मी म्हटलं, "घरात कोण थांबतं बायकोच्या हातानं?"

"करून बघ."

मी पुष्कळ वर्षं करून बघितलं नाही. त्यांना जायचं असायचं. अरबस्तानात जायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस चूल पेटवू दिली नाही, पण मी त्यांची पेटी भरली. तिथं वाळवंटात एकदा विहिरीनं उलटा दम सोडला, गॅस वर आला. हे वर फळीवर. पळायला तिथून एक तार असते, जमिनीपर्यंत तिरकी. तिला लटकून खाली आले. डावा हात कोपरापर्यंत सोलला. मला पत्रात लिहिलं, इथं एक कुत्री आहे, तिला पाच पिल्लं झाली, तब्येत ठीक. हाताचं मला घरी आल्यावर दिसलं. दुसऱ्याच दिवशी पुन्हा त्याच फळीवर चढले होते, हे तर त्यांच्याबरोबरच्या माणसाकडून वर्षभरानं कळलं. पोरांना ते ही गोष्ट सांगायचे तेव्हा पोरं त्यांच्या पाठीवर चढून "तार! तार!" ओरडायची. मी स्वयंपाकघरात असायचे. मला ती गोष्ट कधी आवडली नाही.

अरबस्तानाच्या आधीची गोष्ट. लेक पोटात होती, सातवा महिना. हे गुजरातेत परत निघालेले. धुळ्याच्या स्टँडवर मी सोडायला गेले, मुलाचा हात धरून. मोटार सुरू झाली, गुरगुरत होती, हे खिडकीत. आणि मी मूठ वर केली. कारण काहीच नव्हतं. ताप नव्हता, कोणी आजारी नव्हतं, कळा नव्हत्या. नुसतं मन भरून आलं.

ते उठले. कंडक्टर ओरडत होता, "ओ, गाडी निघाली!" हे गर्दीतून पिशवी डोक्यावर धरून उतरले. माझ्यासमोर उभे राहिले. का, म्हणून विचारलं नाही. मुलाला खांद्यावर घेतलं, आम्ही उसाचा रस प्यालो आणि घरी आलो. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "बायकोनी मूठ दखाडी नि हाऊ मोटारमाईन उतरी गया!"

ऐकणाऱ्याला वाटतं, त्या मोटारीला पुढं काही झालं असेल. काही झालं नाही. मोटार वेळेवर सुरतेला पोचली असेल. कामावर मात्र त्यांची जागा महिनाभर दुसऱ्याला दिली, साहेबानं बोलून घेतलं. एवढं होऊनही मरेपर्यंत त्यांनी मला विचारलं नाही की त्या दिवशी तू मूठ का दाखवलीस.

पुढं पोरांच्या शिक्षणासाठी जळगावात मेहरूणला घर बांधलं. मुलगा इथंच पाईपच्या कंपनीत लागला, लेक फैजपूरला केळीवाल्यांच्या घरात गेली. हे घरी बसले. बसले म्हणायचं फक्त. सत्तरी उलटली तरी पाण्याच्या टाकीवर चढायचे, शेजाऱ्याच्या टीव्हीची ताटली सरळ करायला त्यांच्या गच्चीच्या कठड्यावर उभे राहायचे. मुलगा खालून ओरडायचा, "आबा, उतरा! लोकं मला बोलताय!" आबांना ऐकू येतं कुठं. मी अंगणात जाऊन तळहात खाली दाबायचे, हळू. मग उतरायचे. सूनबाई म्हणायची, "आई, तुमच्याकडं रिमोट आहे आबांचा."

आणि नव्वद फुटांवरून कधी न पडलेला माणूस दीड फुटाच्या बाजेवरून पडला. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. पित्रांच्या नावानं घागर पुजून झाली होती, पुरणपोळी उरली होती, लेक झोक्यावर बसली होती. हे बाजेवर बसून आंबे निवडत होते, पिकलेले इकडं, कच्चे तिकडं. एक आंबा हातातून सुटला, तो घ्यायला वाकले आणि तसेच खाली गेले. उजवं अंग गेलं. वाचा गेली.

आधी सहा दिवस आयसीयूत. मग साध्या खोलीत आणलं. आम्हाला वाटलं, आता सुधारताय. डावा हात चालत होता, डोळे सगळ्यांना ओळखत होते. दोन दिवसांनी छातीत कफ भरला, दम लागला. तेव्हाची ती खोली, मी सुरुवातीला सांगितलेली.

डॉक्टर दारात उभे राहून बोलले. भला माणूस होता, आवाज हळू होता. म्हणाले, गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल, पुन्हा मशीनवर ठेवावं लागेल. जगतील का, सांगता येत नाही. जगले तर उठतील का, तेही सांगता येत नाही. नाहीतर घरी न्या, त्रास कमी होईल असं औषध मी देतो. तुमच्यात काय ते ठरवा.

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. सूनबाईनं पदर तोंडाला लावला.

यांना ऐकू आलं नसेल. पण यांनी डॉक्टरांचं तोंड बघितलं, मुलाचं तोंड बघितलं. जन्मभर माणसांची तोंडं बघूनच समजून घेतलेला माणूस. मग त्यांनी डावा हात उचलला, चादरीवर पडलेला उजवा हात मनगटाशी धरला, ओढत ओढत छातीवर आणला. आणि त्याच्यावर डावं मनगट ठेवलं. फुली.

सलाईन हललं. नर्स म्हणाली, "आबा, नाही नाही, हात नका हलवू." तिनं हात सोडवून खाली ठेवला. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा उजवा ओढून आणला, पुन्हा फुली केली. दम लागला होता, कपाळावर घाम. डोळे माझ्याकडं.

बंद. घरी.

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. मी इतकी वर्षं ते दारात बघितलं होतं.

लेक जवळ आली. तिला अर्धवट काहीतरी आठवत होतं, लहानपणचं. म्हणाली, "आई, आबा काय म्हणताय? हे काय करताय ते?"

मी म्हणाले, "पाणी मागताय."

का म्हणाले? मला ते पाहिजे होते, म्हणून. जन्मभर त्यांना जायचं तेव्हा जाऊ दिलं, पेटी भरून दिली. चौदा दिवस, सहा महिने, दोन वर्षं. या वेळी मला जाऊ द्यायचं नव्हतं. मशीनवर का होईना, असू दे. मी रोज बघेन. तेव्हा एवढंच डोक्यात होतं. त्यांच्या गळ्याचं, त्यांच्या दमाचं माझ्या डोक्यात नव्हतं.

लेकीनं धावत वाटीत पाणी आणलं. नर्स म्हणाली, गिळता येणार नाही, ठसका लागेल, कापसानं ओठ ओले करा. लेकीनं कापूस भिजवून ओठांवर फिरवला. "घ्या आबा. गार आहे." ती रडत होती आणि हसतही होती, की आबांनी मागितलेलं तिला देता आलं. पाणी हनुवटीवरून खाली गेलं. हे तिच्याकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. मशीनचा आवाज कसला येतोय ते समजून घेताना बघायचे, तसे. मग हात खाली ठेवला. तो हात त्यांनी त्यानंतर माझ्यासमोर उचलला नाही.

मी मुलाला म्हणाले, "डॉक्टर सांगतात तसं कर. सगळं कर."

त्यानं सही केली.

त्याच्यापुढं अकरा दिवस. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं भेटायचं. गळ्यात नळी. दोन्ही हात पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधलेले. उजवा तर मेलेलाच होता, तोही बांधला. मी नर्सला म्हटलं, "बाई, थोडा वेळ सोडा ना." ती म्हणाली, "आजी, नळी ओढतील, मग जीवाला धोका." ती बरोबरच होती. तिच्याकडं आठ पेशंट होते, ती दिवसभर उभी होती. तिला मी दोष देत नाही. तिला कसं कळणार की या माणसाचं तोंड म्हणजे हात. ते सांगायला पाहिजे होतं मी. ते सांगितलं असतं तर लेकीनं विचारलं असतं, मग त्या दिवशी काय म्हणाले? म्हणून तेही सांगितलं नाही. एक खोटं झाकायला दुसरं.

अकराव्या दिवशी सकाळी, आमची पाच मिनिटं व्हायच्या आधीच गेले. जवळ कोणी नव्हतं.

घरी आणलं तेव्हा अंगणात माणूस मावेना. मेहरूणचे, गावाकडचे, दोन जण तर गुजरातेतून आले, त्यांच्याबरोबर रिगवर काम केलेले, आता म्हातारे, तेही बहिरे. लेकीनं आंघोळीच्या वेळी मनगटांवर पट्टीचे वळ बघितले आणि त्यांना तेल चोळत बसली. चोळून जाणारे वळ नव्हते ते. बायका मला म्हणाल्या, "अक्का, काही कमी केलं नाही तुम्ही. सगळं केलं." येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणायचा. मी मान हलवायचे.

वर्षश्राद्धाला लेक आली. भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, मला एकच समाधान आहे. आबांनी शेवटचं पाणी मागितलं आणि ते माझ्या हातानं मिळालं." मी पुढचं भांडं तिच्या हाती दिलं. तिच्याजवळ तेवढंच होतं, ते मी काढून घेऊ? मुलाजवळ काय आहे, तर ती सही. तो कधीकधी जेवताना मधेच विचारतो, "आई, आपण बरोबर केलं ना?" मी म्हणते, "जेव."

त्यानं काही चूक केली नाही. त्यानं आईचं ऐकलं. चूक माझी आहे, आणि ती त्याच्या डोक्यावर बसली आहे, म्हणून आता सांगते. हे कागद दोघांच्या हाती जातील. लेकीला दुःख होईल. होऊ दे. तिनं ओठ ओले केले ते तर खरं आहे, तो गारवा त्यांना लागला असेल. मुलाला कळेल की त्या दिवशी त्याला बापाचं उत्तर कोणी सांगितलंच नव्हतं. मग ते मला बोलायचं तर बोलतील, नाही बोलायचं तर नाही.

मला माफी नको आहे. ज्यांनी द्यायची ते गेले.

हे वाचणाऱ्याला एकच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी असं पडलेलं असेल, वाचा गेलेली असेल, आणि त्याचं म्हणणं तुम्हाला एकट्यालाच कळत असेल, तर ते सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगा. तुम्हाला नको असलं तरी सांगा. पुढं काय करायचं ते मग सगळे बसून ठरवा. आणि नर्सबाईला विचारून, कोणीतरी जवळ बसून, रोज थोडा वेळ त्याचे हात मोकळे ठेवा.